लॅपटॉपवरच्या ऑफिसची ट्रायल संपली, आता फाइल्सचं काय आणि पुढे वापरायचं काय

नवा लॅपटॉप घेतला की पहिले काही आठवडे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट सगळं मस्त चालतं आणि मग एक दिवस फाइल उघडली की वरती पिवळी नाहीतर लाल पट्टी, मुदत संपली, आता विकत घ्या. खाली फाइल दिसतेय, पण वरची बटणं करडी पडलेली, कर्सर ठेवून टाइप केलं तरी अक्षर उमटत नाही. कॉम्प्युटर नुकताच हातात आलेल्या माणसाला वाटतं आपल्या फाइल गेल्या. म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो, फाइल कुठेही गेलेल्या नाहीत. ट्रायल संपली की प्रोग्रामच्या सोयी बंद होतात, तुमची डॉक्युमेंटं जिथे होती तिथेच असतात. वर्ड त्या अवस्थेतसुद्धा फाइल उघडून दाखवतं, वाचता येते, प्रिंट काढता येते, फक्त बदल करता येत नाही आणि नवीन फाइल बनवता येत नाही. म्हणजे उद्या सकाळी बायोडाटाची प्रिंट हवी असेल तर ती आजही निघेल.

तेव्हा घाईघाईत काही विकत घेऊ नका आणि लॅपटॉप उचलून कुणाकडे पळू नका. घरी बसून शांतपणे होण्यासारखं काम आहे, फक्त क्रमाने करा.

आधी बघा, विकतचं ऑफिस तुमच्याकडे आधीच आहे का

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरतात. आपल्याकडे विकले जाणारे बरेच लॅपटॉप ऑफिसच्या कायमच्या लायसन्ससकट येतात, आधी ऑफिस होम अँड स्टुडंट 2019 असायचं, मग 2021 आलं, आता ऑफिस होम 2024 असतं. त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत धरलेले असतात. पण ते आपोआप चालू होत नाही, आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्यावं लागतं, आणि होतं काय की पहिल्यांदा वर्ड उघडल्यावर जी खिडकी येते तिथे 'ट्राय फ्री' असं मोठं बटण दिसतं आणि आपण मायक्रोसॉफ्ट 365 ची, म्हणजे ठरावीक मुदतीने पैसे भरत राहायच्या ऑफिसची, ट्रायल सुरू करून मोकळे होतो. महिन्याने ती संपते आणि वाटतं ऑफिसच संपलं.

तर आधी बिल काढा, बॉक्सवरचं स्टिकर वाचा, ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरमध्ये जाऊन त्या मॉडेलची माहिती परत वाचा. 'ऑफिस होम' आणि पुढे साल असं लिहिलं असेल तर ते कायमचं लायसन्स. नुसतं '365 ट्रायल' असेल तर तात्पुरतं. मग वर्ड उघडा, फाइलवर क्लिक करा, डाव्या पट्टीत सगळ्यात खाली अकाउंट दिसेल, त्यावर गेलं की उजवीकडे प्रॉडक्ट इन्फर्मेशन येतं. तिथे 'सबस्क्रिप्शन प्रॉडक्ट' लिहिलंय की ऑफिसचं नाव आणि साल लिहिलंय ते नीट बघा, आणि कोणत्या ईमेलने साइन इन केलंय तेही तिथेच दिसतं. बिलावर कायमचं लायसन्स आहे आणि इथे 365 दिसतंय, तर तुमचं ऑफिस अजून अ‍ॅक्टिव्हेट व्हायचं बाकी आहे. साइन आउट करा, वर्ड बंद करून परत उघडा, साइन इन करा आणि लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसची ऑफर दाखवेल ती घ्या. या ऑफरला मुदत असते त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका. जमलं नाही तर बिल हातात घेऊन लॅपटॉपच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा, त्यांना मॉडेल आणि सिरियल नंबरवरून कळतं की या मशीनसोबत ऑफिस दिलंय की नाही.

इथे आणखी एक गोष्ट फार वेळा आडवी येते. दुकानातून लॅपटॉप घेतला की दुकानातला मुलगाच सगळं सेटअप करून देतो आणि त्यासाठी कुठलातरी ईमेल तिथल्या तिथे बनवतो, नाहीतर दुकानाचाच वापरतो. ऑफिसचं लायसन्स मग त्या ईमेलला चिकटतं. वर्षभराने विंडोज परत टाकायची वेळ आली की तो ईमेल कुणाला आठवत नाही आणि पासवर्ड तर नाहीच नाही, विकत घेतलेलं ऑफिस हातचं जातं. अकाउंटच्या पानावर अनोळखी ईमेल दिसला तर आजच दुकानात जाऊन त्याचा पासवर्ड मागून घ्या, त्या अकाउंटला तुमचा मोबाइल नंबर जोडा, दुकानाचा नंबर काढून टाका, पासवर्ड बदला आणि ईमेल-पासवर्ड दोन्ही बिलाच्या मागे लिहून ठेवा. नवीन लॅपटॉप घेणार असाल तर दुकानात स्पष्ट सांगा की माझ्याच ईमेलने करा.

आणि हल्ली काही लॅपटॉपसोबत ऑफिस होम 2024 कायमचं आणि मायक्रोसॉफ्ट 365 बेसिक एक वर्षासाठी अशी जोडी येते. बेसिक म्हणजे मुख्यतः 100 जीबी ऑनलाइन जागा. वर्षाने जो संपल्याचा मेसेज येतो तो या जागेचा असतो, वर्ड-एक्सेल त्यानंतरही चालू राहतं. मेसेज न वाचता रिन्यू दाबू नका.

कार्ड दिलं होतं का, ते आठवा

365 ची ट्रायल सुरू करताना बहुतेक वेळा डेबिट किंवा क्रेडिट कार्ड मागतात. तसं असेल तर महिना संपल्यावर ट्रायल बंद पडत नाही, ती पैसे कापून पुढे चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप होणारी वजावट व्हायच्या निदान 24 तास आधी बँकेकडून मेसेज यायला हवा आणि तिथून ती थांबवताही येते, पण 15,000 रुपयांपर्यंतच्या वजावटीला दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणजे मेसेज नजरेतून सुटला तर पैसे गेले. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स, तिथे तुमचा प्लॅन, मॅनेज, आणि रिकरिंग बिलिंग बंद करा. हे ट्रायल चालू असतानाच करून ठेवता येतं, शेवटच्या तारखेपर्यंत वापरायला मिळतंच. नुसतं लॅपटॉपवरून ऑफिस अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नाही, हे लक्षात ठेवा.

फाइल नक्की कुठे आहेत

फाइल जागेवरच असतात असं वर म्हटलं खरं, पण जागा कुठली हे तपासायला हवं. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा, चालू होतं आणि पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातात. ट्रायलमध्ये वनड्राइव्हला 1 टीबी जागा असते, ट्रायल संपली की ती फुकटवाल्या 5 जीबीवर येते. तुमचं सामान 5 जीबीच्या आत असेल तर काहीच चिंता नाही. लग्नाचे व्हिडिओ, फोनमधले फोटो वगैरे चढवून 20-30 जीबी झालं असेल तर नवीन काही वर जाणार नाही, आणि तशीच भरलेली बरेच महिने ठेवली तर मायक्रोसॉफ्टला त्या फाइल काढून टाकायचा अधिकार आहे. त्यामुळे आधी उतरवून घ्या.

फाइल एक्सप्लोरर उघडा आणि फाइलच्या शेजारी स्टेटसमध्ये कोणतं चिन्ह आहे ते बघा. हिरवी टिकमार्क म्हणजे फाइल लॅपटॉपवर आहे. नुसता ढग असेल तर ती फक्त ऑनलाइन आहे, लॅपटॉपवर फक्त नाव दिसतंय, आणि नेट नसताना उघडायला गेलात तर उघडणार नाही. अशा सगळ्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, सगळं उतरेपर्यंत थांबा, नेटचा वेग बघून रात्रभर लावून ठेवलं तरी चालेल. मग पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोनचार फाइल पेनड्राइव्हवरूनच उघडून बघा, म्हणजे खात्री होते.

वनड्राइव्हचा बॅकअप बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो, तेव्हा दचकू नका, फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून परत बाहेर ठेवा.

या वाटेला जाऊ नका

ट्रायल संपली असं कुणाला सांगितलं की हमखास एक सल्ला मिळतो, अरे क्रॅक (लायसन्स नसताना ऑफिस चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम) टाकून घे, शंभर-दोनशे रुपयात होतं. कळकळीने सांगतो, टाकू नका. हे अ‍ॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि चालवताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतात, म्हणजे कुणी लिहिलाय हे माहीत नसलेल्या प्रोग्रामला तुम्ही आख्ख्या मशीनच्या किल्ल्या देता. त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग करता, आधार-पॅनचे स्कॅन ठेवता. पासवर्ड चोरणारे आणि फाइल लॉक करून पैसे मागणारे व्हायरस अशा क्रॅकमधून पसरलेत. आणि ते बेकायदेशीर आहे हे तर आहेच, दुकान किंवा क्लास चालवत असाल तर जास्तच अंगाशी येतं.

दुसरा प्रकार म्हणजे ऑनलाइन तीनशे-पाचशे रुपयात 'लाइफटाइम की'. या चाव्या पुष्कळदा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा संस्थेच्या लायसन्समधून काढून सुट्या विकलेल्या असतात. आज चालते, काही महिन्यांनी ब्लॉक होते, आणि विकणारा तोपर्यंत गायब असतो. तिसरं, 'तुमचं ऑफिस एक्सपायर झालंय' म्हणून फोन आला आणि स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. आणि कॉम्प्युटरची तारीख मागे करणं, ऑफिस काढून परत टाकणं, यात वेळ घालवू नका, मुदत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटला नोंदलेली असते.

मग वापरायचं काय

माझं स्पष्ट मत सांगतो. घरचं काम, अर्ज, पत्रं, हिशेब, शाळा-कॉलेजचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या नोटिसा, एवढंच असेल तर पैसे देऊन ऑफिस घ्यायची गरज नाही. लॅपटॉपवर लिब्रेऑफिस नावाचं फुकट ऑफिस टाका आणि चार जणांत मिळून काम करायची फाइल असेल तर गूगल डॉक्स वापरा. विकत कुणी घ्यावं ते पुढे येईलच.

अगदी आत्ता, या मिनिटाला फाइलमध्ये बदल करायचाय तर सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं फुकट ऑफिस. ब्राउझरमध्ये ऑफिस डॉट कॉम उघडा, त्याच अकाउंटने लॉगिन करा, फाइल अपलोड करा, वर्ड ब्राउझरमध्येच उघडतं, बदल करून परत डाउनलोड करा. सोयी कमी आहेत, नेट लागतं, पण फाइलची मांडणी सहसा बिघडत नाही कारण वर्डच आहे ते. मोबाइलवरही लहान स्क्रीनसाठी वर्ड-एक्सेलचं अ‍ॅप साध्या कामाला फुकट आहे. आणि विद्यार्थी असाल, कॉलेजने कॉलेजच्या नावाचा ईमेल दिला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज्युकेशन पानावर तो टाकून बघा, संस्था पात्र असेल तर वेबवरचं ऑफिस त्या ईमेलवर फुकट मिळतं.

गूगल डॉक्स बहुतेकांना माहीत आहे, 15 जीबी जागा जीमेल आणि फोटो मिळून असते. वर्डची फाइल ड्राइव्हवर टाकली की तशीच उघडते, तिथेच एडिट होते. त्यात एक गोष्ट मराठी लोकांनी जरूर वापरून बघावी, क्रोममध्ये डॉक्स उघडून टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग घ्या, भाषा मराठी निवडा आणि बोला. टायपिंग येत नाही म्हणून अडून बसलेल्या घरातल्या मोठ्या माणसांना हे फार उपयोगी पडतं. विरामचिन्हं नंतर हाताने टाकावी लागतात, पण मजकूर पटापट येतो. चेन्नईच्या झोहोचं रायटर आणि शीट हेही याच पद्धतीचं आहे, भारतीय कंपनीचं हवं असेल तर ते बघा.

लिब्रेऑफिस टाकायचं कसं

लिब्रेऑफिस हे फुकट आहे आणि त्याला मुदत नाही, ट्रायल नाही, अकाउंट नाही, नेट लागत नाही. मूळ स्टारऑफिस नावाचं जर्मनीतलं सॉफ्टवेअर, ते सन मायक्रोसिस्टिम्सने 1999 मध्ये घेतलं, 2000 मध्ये त्याचा कोड सगळ्यांना खुला केला, त्यातून ओपनऑफिस झालं आणि 2010 मध्ये त्याच मंडळींपैकी बऱ्याच जणांनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. आता ते द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनची ना-नफा संस्था सांभाळते. ओपनऑफिसही अजून मिळतं, पण त्यात नवीन काम जवळपास थांबलंय, तेव्हा लिब्रेऑफिसच घ्या.

डाउनलोड फक्त लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग वरून. सर्च केल्यावर वरती जाहिरातवाल्या साइट येतात, काही पैसे मागतात, काही सोबत दुसरंच काही टाकतात, त्यांच्यावर क्लिक करू नका. फाइल काही शे एमबीची आहे, मोबाइल डेटावर असाल तर तेवढा शिल्लक ठेवा. इन्स्टॉल करताना 'टिपिकल' आणि 'कस्टम' असं विचारतो, मेनू मराठीत हवे असतील तर कस्टममध्ये जाऊन युजर इंटरफेस लँग्वेजेसमध्ये मराठी निवडा. मी नवशिक्यांना मेनू इंग्रजीतच ठेवायला सांगतो, कारण नेटवर किंवा क्लासमध्ये जी मदत मिळते ती इंग्रजी मेनूच्या नावांनी मिळते, पण ज्यांना इंग्रजी वाचायला त्रास होतो त्यांनी खुशाल मराठी घ्यावी.

टाकून झालं की वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस. पहिल्यांदा उघडल्यावर ते जुन्या वर्डसारखं दिसतं. वर्डच्या रिबनची सवय असेल तर व्ह्यू मेनूत युजर इंटरफेस आणि तिथे 'टॅब्ड' निवडा, होम, इन्सर्ट, लेआउट असे टॅब येतात आणि हात लगेच बसतो.

आता तीन सेटिंग, ही आधीच केली तर पुढचा बराच वैताग वाचतो. टूल्स, ऑप्शन्स, लोड अँड सेव्ह, जनरल. तिथे 'ऑलवेज सेव्ह अ‍ॅज' असं आहे, डॉक्युमेंटसाठी वर्डचं डॉक्स (.docx) फॉरमॅट निवडा, मग खालची यादी बदलून स्प्रेडशीटसाठी एक्सेलचं आणि प्रेझेंटेशनसाठी पॉवरपॉइंटचं. लिब्रेऑफिसचं स्वतःचं ओडीटी फॉरमॅट चांगलं आहे, 2006 पासून आयएसओचं मान्यताप्राप्त आहे, पण तुम्ही फाइल ज्याला पाठवणार त्या झेरॉक्सवाल्याकडे वर्ड आहे, तर त्याला डॉक्स पाठवलेली बरी. नाहीतर दरवेळी सेव्ह करताना खिडकी येऊन विचारते, कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू, आणि माणूस गोंधळतो.

दुसरं सेटिंग मराठीचं. ऑप्शन्समध्येच भाषेचा विभाग आहे, तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर टिक करा आणि त्याच्या यादीतून मराठी निवडा. मग रायटरच्या विभागात 'बेसिक फॉन्ट्स' च्या दोन याद्या दिसतात, एक इंग्रजीसारख्या लिपींची, एक सीटीएल म्हणजे आपल्या देवनागरीची. सीटीएलमध्ये निर्मला यूआय किंवा मंगल ठेवा. हे न केल्यामुळे येणारी तक्रार ठरलेली असते, साइज 14 केला तरी मराठी 12 चंच राहतं आणि इंग्रजी तेवढं मोठं होतं. कारण रायटर दोन्ही लिपींचे फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं. तसं झालंच तर मजकूर सिलेक्ट करून फॉरमॅट, कॅरेक्टर मध्ये जा आणि सीटीएलच्या भागात साइज बदला. तिसरं, स्पेलिंग तपासायला मराठी शब्दकोशाचं एक्स्टेन्शन लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शनच्या साइटवर मिळतं, ते टाकून घ्या.

टायपिंगचा आणि ऑफिसचा काही संबंध नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. मराठी कीबोर्ड विंडोजचा असतो. सेटिंग्स, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा, उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी लिहायचं तर फोनेटिक, इन्स्क्रिप्ट येत असेल तर तो, आणि विंडोजचं बटण दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. रायटर असो, गूगल डॉक्स असो, सगळीकडे तोच चालतो.

जुनी फाइल उघडल्यावर पान का हलतं

समजा वर्डमध्ये बनवलेला एका पानाचा बायोडाटा आहे, टेबलात माहिती, उजवीकडे फोटो. रायटरमध्ये उघडला की शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर गेलेल्या. लोक लगेच म्हणतात लिब्रेऑफिस बेकार आहे. कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो. 2023 पासून ऑफिसने नव्या फाइलसाठी अ‍ॅप्टोस नावाचा फॉन्ट ठेवलाय, तो ऑफिससोबत येतो, विंडोजसोबत येत नाही. रायटरला तो सापडला नाही की दुसरा जवळचा लावतो, अक्षरांची रुंदी किंचित वेगळी, दर ओळीत एखादा शब्द खाली ढकलला जातो आणि पानाच्या शेवटी फरक दिसतो. कंट्रोल ए करून फॉन्ट कॅलिब्री किंवा एरियल करा, हे विंडोजमध्ये असतातच, पान बहुतेक वेळा परत जागेवर येतं. फोटो हललाच तर त्यावर राइट क्लिक करून अँकर 'टू पेज' करा.

ज्याला फक्त बघायचंय किंवा प्रिंट काढायचीये त्याला पीडीएफच पाठवा. रायटरच्या पट्टीवर पीडीएफचं बटण आहे, एक क्लिक. सरकारी पोर्टलवर फाइल अमुक केबीच्या आत हवी असते, तिथे फाइल मेनूतून एक्सपोर्ट अ‍ॅज पीडीएफ घ्या, त्यात चित्रांची क्वालिटी आणि रिझोल्यूशन कमी करता येतं.

मराठी फाइलचं दुखणं वेगळं. फाइल कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. त्याचा ट्रायल संपण्याशी संबंध नाही. त्या फॉन्टमध्ये आतून साठवलेली असतात इंग्रजीच अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो, म्हणून तो फॉन्ट मशीनवर नसेल तर चेहरा उतरतो. फॉन्ट परत टाकला की दिसायला लागतं. पण माझं म्हणणं, या निमित्ताने कामाच्या फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आणून घ्याच. युनिकोड मजकूर वर्डमध्ये, रायटरमध्ये, मोबाइलवर, ऑनलाइन फॉर्ममध्ये सगळीकडे तसाच दिसतो आणि शोधताही येतो. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण रूपांतर झाल्यावर मूळ प्रिंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासा, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, तिथेच गफलत होते. माणसांची आडनावं आणि गावांची नावं दोनदा बघा. चांगले फुकट युनिकोड फॉन्ट हवे असतील तर मुक्ता आहे, नोटोचे देवनागरी फॉन्ट आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे.

एक्सेलवाल्यांसाठी

घरखर्च, बचत गटाचं रजिस्टर, क्लासची फी, दुकानाची उधारी, यातलं काहीही कॅल्कमध्ये बिनधास्त चालतं. बचत गटाची फाइल घ्या, डावीकडे बायकांची नावं, वरती एप्रिल ते मार्च, प्रत्येक खान्यात महिन्याची बचत, शेजारच्या शीटवर कर्ज आणि व्याज. उघडल्यावर बेरजा तशाच येतात, सम, इफ, व्हीलुकअप ही सूत्रं नाव न बदलता चालतात, नवीन एक्सलुकअपसुद्धा लिब्रेऑफिसच्या 24.8 या आवृत्तीपासून आहे. ओळींची मर्यादाही एक्सेलइतकीच, 10,48,576. पहिल्यांदा उघडल्यावर एवढंच करा, जुन्या प्रिंटवरचा एकूण आकडा आणि आता दिसणारा एकूण आकडा जुळवून बघा, रुपयाचं चिन्ह आणि तारखा नीट आहेत का बघा. तारखा महिना आधी अशा दिसल्या तर भाषेच्या सेटिंगमध्ये लोकेल (देश-भाषेची निवड) मराठी किंवा इंग्लिश इंडिया करा.

अडतं ते मॅक्रोवर, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर. सरकारी पोर्टलवरच्या काही एक्सेल युटिलिटी, जशी आयकर रिटर्नची, या मॅक्रोवर चालतात आणि खऱ्या एक्सेलसाठीच लिहिलेल्या असतात, कॅल्कमध्ये त्या अर्धवट चालतात, आणि वेबवरच्या फुकट एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत. रिटर्न पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं, तो मार्ग घ्या. पण तुमचं रोजचं कामच मॅक्रो, पॉवर क्वेरी (बाहेरून डेटा आणून जुळवायची एक्सेलची सोय) असलं असेल, किंवा ऑफिसातून येणाऱ्या फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस (काय बदललं ते दिसत राहील असे बदल) करून त्याच दिवशी परत द्यायच्या असतील, तर सरळ ऑफिस विकत घ्या, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. एकट्याला आणि एकाच मशीनवर हवं असेल तर एकदाच पैसे भरायचं ऑफिस 2024 बरं पडतं, धंद्यासाठी असेल तर त्यातलं होम अँड बिझनेस बघा. घरात चारपाच जण वापरणार असतील तर 365 फॅमिली, सहा जणांपर्यंत चालतं आणि प्रत्येकाला वेगळी 1 टीबी जागा. कुणी स्वस्तात 2016 किंवा 2019 देत असेल तर घेऊ नका, त्यांचे सिक्युरिटी अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झालेत.

एमएस-सीआयटी नुकतं केलेली मुलं विचारतात की लिब्रेऑफिसवर सराव केला तर नोकरीत एक्सेल येईल का. येईल. सूत्रं, सॉर्ट, फिल्टर, पिव्होट टेबल डोक्यात बसलं की बटण कुठल्या कोपऱ्यात आहे हे दोन दिवसात सापडतं. मुलाखतीच्या आधी वेबवरच्या एक्सेलमध्ये एकदा हात फिरवून घ्या.

शेवटी जुनं काढून टाकताना

नवीन सगळं नीट चालतंय हे आठवडाभर वापरून बघितल्यावरच संपलेलं ऑफिस काढा, आणि वर सांगितल्याप्रमाणे कायमचं लायसन्स नाही याची खात्री झाल्यावरच. सेटिंग्स, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, तिथे मायक्रोसॉफ्ट 365 दिसेल, कधीकधी एकच गोष्ट तीनचार भाषांच्या नावाने वेगवेगळी दिसते, ती सगळी एकेक करून काढावी लागतात, डिस्कवर बरीच जागा मोकळी होते.

त्याच्या आधी एकच तपासा, लॅपटॉपवरच्या आउटलुकमध्ये मेल बघत होतात का. जीमेलचे मेल तिथे बघत असाल तर ते जीमेलच्या सर्व्हरवर असतात, काही जात नाही. पण जुन्या पद्धतीने पॉप लावून मेल फक्त लॅपटॉपवर उतरवलेले असतील तर ते पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असतात, ती डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरमध्ये सापडते, तिची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. पुढे मेलसाठी थंडरबर्ड फुकट आहे.

ऑफिस काढल्यावर वर्डच्या फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज विचारेल कशात उघडू. एका फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, लिब्रेऑफिस रायटर, ऑलवेज. मग एका एक्सेलच्या फाइलवर तसंच कॅल्क निवडून, आणि एका पॉवरपॉइंटवर इम्प्रेस निवडून.